जंत पोटात दिसतो, येतो मातीतून

पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या दोन तालुक्यांतल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. आधी शापोरा नदीकाठची गावं, मग साखळी आणि मयेकडचा भाग, शेवटची वर्षं पुन्हा पेडण्यात. खेड्यातल्या शाळेत बाईला फक्त शिकवून भागत नाही. ताप आलेल्या मुलाला घरी पोचवायचं, जेवणाच्या सुट्टीत कोण जेवत नाही ते पाहायचं, प्रार्थनेला उभं असताना कोणाचं पोट दुखतंय ते चेहऱ्यावरून ओळखायचं, हेही तिच्याकडेच येतं.

पुढे आलेलं पोट, काटकुळे हातपाय, पांढुरका चेहरा, पाढे म्हणताना मधेच सुटणारं लक्ष. अशा मुलांना घरचे आळशी म्हणतात आणि शाळा मंद म्हणते. त्यातल्या कितीतरी मुलांच्या पोटात जंत होते. औषधानंतर तीच मुलं दोन-तीन महिन्यांत पेजेचं दुसरं ताट मागू लागलेली मी पाहिली आहेत. जंतांचं प्रमाण माझ्या नोकरीच्या सुरुवातीला होतं तसं आता राहिलेलं नाही. पण हा आजार संपलेला नाही, आणि गोव्यासारख्या शिकलेल्या राज्यात तो संपला असं समजून त्याच्याविषयी बोलणंच बंद झालं आहे. म्हणून शाळेत, पालकसभांत आणि आरोग्य केंद्राच्या लोकांबरोबर फिरताना जे शिकले ते लिहिते आहे.

१. पोटातला एकेक जंत बाहेरून आलेला असतो.

ही एकच गोष्ट नीट कळली की बाकीचं बरंच आपोआप कळतं. मोठा गोल जंत गांडुळासारखा दिसतो, वीतभर ते फूटभर लांब, फिकट गुलाबी किंवा पांढरट. तो लहान आतड्यात वर्ष-दोन वर्षं जगतो. मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. हा आकडा ऐकून आयांना वाटतं, म्हणजे आत पिल्लंच पिल्लं होत असतील. तसं होत नाही. ती अंडी पोटात उबत नाहीत. शौचावाटे बाहेर पडून ओलसर, सावलीच्या मातीत दोन-तीन आठवडे गेल्यावरच त्यांच्यात अळी तयार होते. ती माती बोटांना, भाजीला, फळाला लागून तोंडात गेली तरच नवा जंत होतो. पोटात दहा जंत असतील तर त्या मुलाने दहा अंडी वेगवेगळी गिळलेली असतात. त्यामुळे जंत झालेलं मूल दिसलं की मी आधी ते मूल कुठे खेळतं हे विचारते, आणि त्या जागेच्या आसपास शौचाला कोण बसतं हे पाहते.

२. गुळाने जंत होत नाहीत.

पेडण्यातल्या प्रत्येक आईने मला हेच सांगितलं: "बाई, हा गोड फार खातो, म्हणून जंत पडतात." गूळ, साखर, केळी, चवथीचे मोदक, सगळ्यांवर आळ येतो. साखर पोटात जंत तयार करू शकत नाही. मात्र या समजाने एक खरं नुकसान होतं. आधीच अशक्त असलेल्या पोराचं खाणं आणखी कमी केलं जातं, आणि ज्या मातीतून जंत आला ती तशीच राहते. रात्री दात खाणं हेही जंताचं खात्रीचं लक्षण नाही. पुष्कळ मुलांना जंत असूनही काहीच त्रास जाणवत नाही. शौचाच्या जागी रात्री खाज सुटते ती बहुधा दोऱ्यासारख्या बारीक पांढऱ्या कृमींमुळे. ते वेगळे, त्यांचा प्रसारही वेगळा, आणि त्याविषयी डॉक्टरांशी वेगळं बोलावं.

३. जंत असलेल्या मुलाला कोणी बाजूला बसवू नये.

एका शाळेत शौचावाटे जंत पडलेल्या मुलीशेजारी बसायला इतर मुली तयार नव्हत्या. त्यांच्या आयांनीच तसं बजावलं होतं. मी त्या मुलीला माझ्या खुर्चीजवळ बसवलं, डबाही तिच्याबरोबर खाल्ला, आणि पालकसभेत सांगितलं की ताज्या विष्ठेतलं अंडं त्या दिवशी कोणालाही जंत करू शकत नाही, त्याला मातीत दिवस काढावे लागतात. शेजारी बसून, खेळून, एका ताटात जेवूनही मोठा जंत लगेच एकाचा दुसऱ्याला होत नाही. हे कळल्यावर आया शांत झाल्या. जंत झाले याची लाज वाटली की मूल सांगत नाही, आई लपवते आणि औषध उशिरा मिळतं. कधी तापात जंत तोंडावाटे किंवा नाकावाटे बाहेर येतो, तेव्हा घरातले घाबरून जातात. त्या वेळी मुलाला ओरडू नये, देवाचा कोप मानू नये, सरळ दवाखाना गाठावा.

४. काजूच्या भाटात जंताची शाळा भरते.

हे आमच्या भागाचं खास दुखणं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत पेडणे, डिचोली आणि पलीकडे दोडामार्गपर्यंतचे डोंगर काजूच्या बोंडवांनी पिवळे-तांबडे होतात. बोंडू झाडावरून काढत नाहीत. पिकून खाली पडला की गोळा करतात. बी वेगळी करायची, बोंडू ठेचून रस काढायचा. या कामात अख्खं घर असतं, पोरं सगळ्यांत पुढे. आणि ती पोरं खाली पडलेला रसाळ बोंडू उचलून, फार तर अंगावरच्या शर्टाला पुसून तोंडात घालतात. करवंदं आणि जांभळांचंही तेच.

आता त्याच भाटात पहाटे आणि तिन्हीसांजेला वाड्यावरची माणसं शौचाला जात असतील तर काय होईल? काजूची दाट सावली, खाली कुजलेल्या पाल्याचा थर, आणि जूनपासून पडणारा आमचा पाऊस. जंताच्या अंड्याला उन्हाचा कडाका आणि कोरडेपणा मारतो, तर सावली आणि ओल जपते. अनुकूल मातीत ही अंडी कित्येक वर्षं जिवंत राहू शकतात. म्हणजे गेल्या पावसाळ्यात कोणी तिथे बसून गेलं असेल, तर त्याची फळं यंदाच्या हंगामातली पोरं खातात. माड-पोफळीच्या कुळागरात तर बारमाही ओल आणि सावली, तिथे हा धोका वर्षभर.

मी मुलांना बोंडू खाऊ नका असं कधी सांगितलं नाही. काजूच्या गावात ते सांगणं अन्यायाचं होईल, आणि कोणी ऐकणारही नाही. मी सांगायचे, फांदीवरचा पिकलेला काढून खा, आणि खालचा खायचाच असेल तर घरी नेऊन पाण्याने चोळून धुऊन खा. मोठ्यांना सांगायचे की भाटात, कुळागरात, पाणंदीत शौचाला बसू नका. ज्या जमिनीतून आपलं पोट भरतं तिथे हे नको, एवढं साधं कारण शेतकऱ्याला लगेच पटतं.

५. संडास बांधणं हे अर्धं काम.

गोव्याच्या अनेक गावांत एके काळी डुकरांचे संडास होते. वर माणूस बसायचा, खाली डुकरं साफ करायची. आमच्या बाजूच्या बऱ्याच वाड्यांवर तेही नव्हतं, लोक सरळ रानात जायचे. मी पहिल्यांदा रुजू झाले त्या शाळेला संडास नव्हता, मुली दुपारपर्यंत पाणी प्यायच्या नाहीत. आज चित्र पुष्कळ बदललं आहे. स्वच्छ भारत अभियान २०१४ मध्ये सुरू झालं, २०१९ मध्ये गोवा उघड्यावरील शौचापासून मुक्त जाहीर झाला, जैव-शौचालयंही वाटली गेली. ही कामं झाली याचा मला मनापासून आनंद आहे.

पण जाहीर होणं आणि वाड्यावर प्रत्यक्ष होणं यात अंतर राहतं, आणि ते अंतर मुलांच्या पोटात दिसतं. संडास आहे, पण त्यात लाकडं आणि काजूच्या गोणी भरलेल्या. संडास आहे, पण एप्रिल-मेमध्ये पाणी नाही. सून वापरते, सासरे मात्र अजून रानात जातात. घराबाहेरच्या संडासाकडे रात्री पोर एकटं जायला घाबरतं, म्हणून आई त्याला अंगणाच्या कडेला बसवते. लहान मुलाचं शौच घाण नसतं, ही समजूत सगळ्यांत घातक. अंडी पोरांच्या शौचातच जास्त असतात, कारण मोठे जंत सर्वांत अधिक शाळकरी वयाच्या मुलांत सापडतात. बाळाची शी केळीच्या बुंध्याशी टाकू नये, संडासातच टाकावी.

इथे अप्पासाहेब पटवर्धनांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. पेडण्याची वेस ओलांडली की सिंधुदुर्ग. तिथे कणकवलीला १९४८ साली त्यांनी गोपुरी आश्रम उभा केला आणि कोकणातल्या माणसाला परवडेल असा संडास, त्यातून खत, हे काम स्वतःच्या हातांनी केलं. विष्ठा झाकून, कुजवून, तिचं निरुपद्रवी खत झाल्यावरच शेतात न्यावी, ही शिस्त ते आयुष्यभर सांगत राहिले. शौचाच्या विषयावर बोलायला आपल्याकडची शिकलेली माणसं लाजतात. अप्पासाहेब लाजले नाहीत, आणि मीही लाजायचं नाही असं ठरवलं.

त्यांची ही शिस्त जंताच्या बाबतीत शब्दशः खरी आहे. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर भरलेला खड्डा बंद करून दीड-दोन वर्षं हात लावायचा नाही. लवकर उपसला तर अंडी जिवंत असतात. सेप्टिक टाकीच्या तळाच्या गाळात तर ती साचून राहतात. हा गाळ टँकरने उपसून रात्री ओहोळात किंवा निर्जन जागी ओतला जातो तेव्हा एका घराची घाण दहा वाड्यांची होते. असा टँकर दिसला तर पंचायतीत तक्रार करायला कोणीही कचरू नये.

पुराचंही तेच. जुलै २०२१ मध्ये शापोऱ्याचं पाणी चांदेल, हळर्ण, इब्रामपूर भागात घुसलं. साखळीला वाळवंटी नदीच्या पुराची भीती जुनीच आहे. पूर ओसरल्यावर लोक भिंती धुतात, भांडी धुतात. पण संडासाच्या टाक्यांतून वर आलेला गाळ अंगणात आणि पोरसातल्या वाफ्यांत पसरलेला असतो. तो हातमोजे घालून उचलावा, खोल पुरावा, आणि त्या वाफ्यातली कच्ची खायची भाजी त्या वर्षी सोडून द्यावी.

आणखी एक. मोपा विमानतळ उभा राहताना आणि त्यानंतरही पेडण्यात बांधकामावरची माणसं मोठ्या संख्येने आली. डिचोलीत खाणींमुळे बाहेरचे कामगार आधीपासून होते. जंताचा विषय निघाला की गावातलं कोणीतरी त्यांच्याकडे बोट दाखवतं. ती माणसं रानात जातात, कारण एका चाळीला एक संडास, किंवा तोही नाही. भाडं घेणारे आपण. खोली भाड्याने देणाऱ्याने आधी संडास आणि पाणी द्यावं, ठेकेदाराने कामाच्या जागी सोय करावी, आणि पंचायतीने हे पाहूनच परवानगी द्यावी. त्यांची मुलं आमच्याच वर्गात बसतात आणि आमच्याच मैदानावर खेळतात.

६. माती लावून हात धुऊ नका.

शौचाहून आल्यावर अंगणातली माती किंवा राख हाताला चोळण्याची जुनी रीत आमच्याकडे आहे. स्वच्छतेच्या चांगल्या हेतूनेच ती आली. पण अंगणातली ती मातीच अंड्यांनी भरलेली असू शकते, मग धुतलेला हात धुतलाच नाही. साबण हवा. साबणाने अंडी मरत नाहीत, पण चोळून वाहत्या पाण्यात धुतल्यावर ती हातावरून निघून जातात. जेवणापूर्वी, शौचानंतर, बाळाची शी धुतल्यावर, मातीत काम केल्यावर. शाळेत माध्यान्ह आहार येतो, पाव आणि भाजी. पाव हाताने मोडून खायचा असल्याने त्याआधी नळाजवळ रांग लावणं मी कधी सोडलं नाही. सोमवारी नखं पाहायची. नखाखालची काळी रेघ ही माती असते, आणि बोट चोखणाऱ्या पोराच्या तोंडात ती थेट जाते. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत घेतलेले भक्त, व्रताच्या दिवसांत किती कडक शुचिता पाळतात ते सगळा डिचोली तालुका पाहतो. तेवढी निष्ठा ज्या समाजात आहे तिथे साबणाने हात धुण्याची सवय लागणार नाही असं मला कधी वाटलं नाही.

७. चपला घालाव्यात, पण त्या मोठ्या गोल जंताला अडवत नाहीत.

चपलांमुळे आकडेकृमी अडतात. ते मातीतून पायाच्या कातडीवाटे शरीरात शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात आणि पांडुरोग आणतात. चपला घातल्याच पाहिजेत, शेतात तर नक्कीच. पण मोठा गोल जंत तोंडावाटे येतो. पायात बूट आणि हात न धुतलेले, तरी जंत होऊ शकतो.

८. खोकला आला की जंत आठवत नाही, पण आठवावा.

अंडं गिळल्यावर त्यातली अळी आतड्यातून रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात जाते, तिथे दहा-चौदा दिवस वाढते, मग श्वासनलिकेतून घशात येते आणि पुन्हा गिळली जाते. त्यानंतरच ती आतड्यात मोठी होते. गिळल्यापासून मादी अंडी घालू लागेपर्यंत दोन-तीन महिने जातात. १९२२ साली कोइनो नावाच्या जपानी डॉक्टरांनी हे पडताळण्यासाठी जंताची दोन हजार अंडी स्वतः गिळली होती. त्यांना न्यूमोनियासारखा आजार झाला आणि थुंकीत अळ्या सापडल्या. कोरडा खोकला, दम, बारीक ताप, आणि मूल मातीत खेळणारं किंवा माती खाणारं असेल, तर हेही डॉक्टरांना सांगावं.

९. भाजी आणि पाणी.

आमच्या पोरसातली तांबडी भाजी शिजते, त्यामुळे तिचं भय नाही. भय आहे ते कच्चं खातो त्याचं: मुळा, काकडी, कोथिंबीर, गाजर, पावसातलं तवसं. बाजारात येणारी भाजी बेळगावकडची असो की वाड्यावरची, धुण्याची पद्धत एकच. अंड्याचं बाहेरचं कवच चिकट असतं, ते नुसत्या पाण्यात बुडवून सुटत नाही. वाहत्या पाण्याखाली बोटांनी चोळून धुवावं आणि साल निघत असेल तर काढावं. मिठाच्या पाण्यात भिजवून अंडी मरतात हा गैरसमज. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन टाकल्यानेही ती मरत नाहीत. क्लोरीन इतर जंतूंसाठी आवश्यक आहे. विहिरीचं पाणी असेल तर उकळावं, उकळीने अंडी नक्की मरतात. आणि संडासाच्या शोषखड्ड्याचं पाणी जिथे पाझरतं तिथे भाजीचा वाफा करू नये, माड किंवा केळ लावावी.

गुरांच्या शेणाविषयी नेहमी विचारतात. शेणातून माणसाचा हा जंत येत नाही. सारवलेल्या जमिनीवर रानातल्या मातीचे पाय घेऊन कोणी आलं तर मात्र रांगणाऱ्या बाळाला धोका आहे. डुकरांच्या जंताचं तसं नाही. तो जवळचा भाऊबंद आहे आणि माणसालाही होऊ शकतो, म्हणून मोकाट डुकरं आणि मुलांच्या खेळाची जागा एक नसावी.

१०. गोळी द्यावी, आणि ती देऊन थांबू नये.

भारतात फेब्रुवारी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या त्याच्या तारखा. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी फुकट मिळते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, चुरून, पाण्यात मिसळून. तीन वर्षांपर्यंतच्या मुलालाही चुरूनच. मोठ्या मुलांनी चावून खायची, अख्खी गिळायची नाही. देशात १ ते १४ वयाच्या २४ कोटींच्या आसपास मुलांना मातीतून होणाऱ्या कृमींचा धोका असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यामुळे प्रत्येकाची तपासणी न करता सगळ्यांना गोळी देण्याचा हा मार्ग निवडला गेला. इतर राज्यांतल्यासारख्या आशा सेविका गोव्यात नाहीत, म्हणून हा भार अंगणवाडी सेविकांवर, आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यांवर आणि शिक्षकांवर येतो. त्यांना गावाने साथ द्यावी.

गोळीच्या दिवशी दरवर्षी काही पालक मुलांना घरी ठेवत. कोणी म्हणे गोळीने मूल बेशुद्ध पडतं, कोणी म्हणे आमच्या मुलाला जंत नाहीतच. मी आदल्या दिवशी वाड्यावर जायची. समोर बसून सांगायची की पोटात जंत जास्त असले तर थोडी मळमळ, पोटदुखी होते, ती जंत मरत असल्याची खूण आणि काही तासांत थांबते. आजारी मुलाला त्या दिवशी देत नाहीत, बरं झाल्यावर देतात. गैरहजर मुलासाठी पुढचा एक दिवस राखलेला असतो. गोळी घरी नेऊ देऊ नये, बाईंच्या समोरच खाऊन घ्यावी. गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घ्यायची नसते, आणि पुढेही डॉक्टरांना विचारूनच.

गोळी जंताची साखर शोषण्याची ताकद काढून घेते, जंत उपाशी मरतो. दहांपैकी नऊहून अधिक मुलं एका गोळीत मोकळी होतात. पण २०१२ साली जगभरच्या अभ्यासांचा जो एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला, तो प्रत्येक पंचायतीने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे: औषधानंतर तीन महिन्यांत मोठ्या जंताचं प्रमाण आधीच्या २६ टक्क्यांपर्यंत परत येतं, सहा महिन्यांत ६८ टक्के, आणि बारा महिन्यांत ९४ टक्के. माती तीच राहिली तर वर्षभरात आपण जवळजवळ होतो तिथेच. गोळीने पोट मोकळं होतं, माती नाही. म्हणून गोळी वाटल्याचा अहवाल पाठवून काम संपलं असं मी मानलं नाही. त्या दिवशी शाळेच्या संडासाचं पाणी आणि नळाजवळचा साबणही तपासायची.

११. वावडिंगाचा मान ठेवावा, त्यावर विसंबू नये.

आजी बाळाला वावडिंगाचं पाणी देते, कडुनिंबाची पानं, पळसाच्या बिया सांगते. त्या ज्ञानाचा मला आदर आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींवर तीन उपाय सांगितले आहेत: कृमी ओढून बाहेर काढणं, त्यांना पोसणारी आतली स्थिती मोडणं, आणि ज्या कारणांनी ते होतात ती कारणंच टाळणं. घरोघरी पहिले दोन लक्षात राहिले, तिसरा विसरला. जुन्या वैद्यकाचा अभिमान बाळगणाऱ्याने तो तिसरा उपाय आधी पाळावा. ज्या मुलाचं पोट फुगलंय, ज्याचं वजन वाढत नाही, त्याला काढ्यावर ठेवून आठवडे घालवू नयेत.

१२. पोट टणक, उलट्या, शौच आणि वारा बंद: त्याच क्षणी इस्पितळ.

डिचोलीच्या बाजूला असताना माझ्या वर्गातल्या एका मुलाला शाळेतच पोटात कळा सुरू झाल्या. पोट हाताला कडक लागत होतं, उलटी हिरवट होत होती. घरी आजी एरंडेल द्यायला निघाली होती. मी तिचा हात धरला. मुलाला तालुक्याच्या इस्पितळात आणि तिथून रुग्णवाहिकेने बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेलं. जंतांचा गोळा आतड्यात अडकला होता. वेळेत पोचल्यामुळे तो वाचला. अशा वेळी एरंडेल, जुलाबाचं औषध किंवा जंताची गोळी घरी देऊ नये, खायला-प्यायलाही देऊ नये. जंत पित्तनलिकेत शिरला तर उजव्या बरगडीखाली असह्य दुखतं आणि कावीळही होऊ शकते. हे घरगुती उपायांचं काम नाही.

१३. एक घर सुधारून जंत जात नाही, सगळा वाडा सुधारला की जातो.

१९६३ साली दक्षिण कोरियात नऊ वर्षांच्या एका मुलीच्या पोटातून शस्त्रक्रियेत १,०६३ जंत निघाले, आणि ती वाचली नाही. त्या मृत्यूने तो देश हादरला. १९६६ मध्ये परोपजीवी रोगांविरुद्ध कायदा झाला. शाळांतून वर्षातून दोनदा मुलांची विष्ठा तपासून औषध देऊ लागले. मानवी विष्ठा कच्ची शेतात घालणं हळूहळू बंद झालं. १९७१ च्या राष्ट्रीय पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांमध्ये मोठ्या जंताची अंडी सापडली होती. १९९७ पर्यंत ते प्रमाण हजारात एकाच्याही खाली आलं. तो देशही तेव्हा गरीबच होता. पेडणे आणि डिचोली तालुके त्या मानाने केवढेसे! इथे शाळा आहेत, आरोग्य केंद्रं आहेत, नळाचं पाणी आहे, लोक शिकलेले आहेत.

म्हणून माझी विनंती आहे. पंचायत सदस्यांनो, येत्या ग्रामसभेत तुमच्या प्रभागात किती घरांत संडास चालू आहे, किती भाड्याच्या खोल्यांना तो नाही, आणि शाळेच्या संडासाला मे महिन्यात पाणी असतं का, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून घ्या. शिक्षकांनो, दर सोमवारी नखं पाहा. आणि आयांनो, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला मुलाला घरी ठेवू नका. त्या दिवशी गोळी चुकली तर जवळच्या आरोग्य केंद्रात जा, तिथे मागून घ्या.